साडेपाचचा सामना

कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांवरून सरकत सरकत एका पिवळ्या ठिपक्यावर येऊन थांबला, आणि बैठकीच्या खोलीत हशा पिकला.

“आला! आपला पिवळ्या आला!” जाहिरात विभागातला गडी टाळी वाजवत म्हणाला. “जग बुडालं तरी हा साडेपाचला हजर.”

भिंतीवरच्या पडद्यावर गेल्या मंगळवारचा फुटबॉल सामना चालू होता. चॅनेलमध्ये दर आठवड्याला ही बैठक व्हायची. झालेल्या सामन्यांचे तुकडे बघायचे, ते किती लोकांनी बघितले त्याचे आकडे बघायचे आणि पुढचं ठरवायचं. बंदर क्लबची पाळी आली की मंडळी जरा सैलावत, कारण त्यात ठरवण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. या क्लबच्या मैदानात तीन बाजू बंद ठेवून आलेल्या मूठभर लोकांना कॅमेऱ्यासमोरच्या एकाच स्टँडमध्ये बसवत, म्हणजे टीव्हीवर गर्दी वाटावी. तरी ती वाटत नसे. निळे गळपट्टे घातलेली थोडी माणसं एका कोपऱ्यात दाटीवाटीनं बसलेली, आणि त्यांच्यापासून चांगला लांब, अख्ख्या रांगेत एकटा, पिवळाधमक रेनकोट घातलेला म्हातारा. वर आभाळ निरभ्र होतं.

पडद्यावर मध्यंतराची शिट्टी वाजली. जाहिराती सुरू होण्याआधी सामन्याचा दिग्दर्शक हटकून या म्हाताऱ्याला दाखवायचा. तेवढीच त्याची करमणूक. म्हातारा उठून उभा राहिला. रेनकोट खाली ओढून त्यानं नीट केला. सरळ कॅमेऱ्यात बघितलं, उजव्या हाताची बोटं तोंडाशी नेली, मान जराशी मागे टाकली आणि मग कोणाला तरी दटावल्यासारखं बोट हलवलं.

“पाणी मागतोय वाटतं बिचारा.”

“कोणाकडे? आजूबाजूला चिटपाखरू नाही.”

“हवेशी बोलतोय रे तो. वय झालं की होतं असं.”

वेळापत्रक ठरवणारी बाई हसली नाही. ती समोरच्या कपातला चहा ढवळत राहिली. ते माझे वडील आहेत, एवढं एक वाक्य तिला बोलता आलं असतं. खोली गप्प झाली असती, एखाददुसऱ्यानं सॉरीही म्हटलं असतं. ती बोलली नाही, आणि त्या हसण्यापेक्षा आपल्या गप्प बसण्याचीच तिला जास्त लाज वाटली.

शिवाय सामना साडेपाचला लावला होता तो तिनंच. कामाच्या दिवशी रात्री आठची वेळ दोन मोठ्या संघांसाठी राखून ठेवलेली असे. बंदर क्लबला बघणारे कमी, म्हणून त्यांच्या वाट्याला साडेपाच. साडेपाचला माणसं कामावर असतात, नाहीतर घरी पोचण्याच्या खटाटोपात. त्यामुळे बघणारे आणखी कमी झाले. मैदानावर जाणारेही आटले, आणि रिकामं मैदान टीव्हीवर बघायला कोणाला आवडतं? आता आकड्यांवर बोट ठेवून कोणीही सांगू शकत होतं की बंदर क्लबमध्ये लोकांना रसच नाही. लोकांना रस कशात असतो, हे इतक्या वर्षांत ती पुरतं ओळखून होती. रात्री आठला जे लावाल त्यात.

त्या दिवशी घरी पोचली तेव्हा वडील स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. पाणीपुरवठा खात्यात पाइप जोडण्यात त्यांचा जन्म गेला होता. हातातलं भांडंही ते पाइपसारखं फिरवून, आत डोकावून बघत. पिवळा रेनकोट दारामागच्या खिळ्यावर होता. खात्यानंच दिलेला, निवृत्तीनंतरही न फाटलेला.

“बाबा, मैदानावर प्यायला पाणी-बिणी मिळतं ना?” तिनं विचारलं.

“न मिळायला काय झालं?”

“आणि तुम्ही एकटेच बसता?”

“एकटा कसला? अख्खा स्टँड माझ्या बापाचा असतो.” ते हसले, पण मग भांडं जरा जोरातच फळीवर ठेवलं. “आमचा न्हावी यायचा, वेल्डर यायचा. आता साडेपाचला न्हाव्याचं दुकान भरलेलं आणि वेल्डरची पाळी सुरू. कोण येणार? बबे, तुमच्याकडे ही वेळ ठरवणारं गाढव आहे तरी कोण?”

“असेल कोणीतरी.”

बबी ऑफिसात टीव्हीचंच काहीतरी करते, कॉम्प्युटरवर, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तिनंही कधी खोलात जाऊन सांगितलं नव्हतं.

“शिव्या नका हो देऊ,” आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. “पोटासाठी करत असेल बिचारा.”

आईची डावी बाजू गेल्या वर्षी लुळी पडली, तेव्हापासून ती त्या खोलीत होती. जीभ मात्र शाबूत राहिली, हे देवाचे उपकार, असं ती स्वतःच म्हणायची. खोलीला एक खिडकी, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, आणि पलंगाच्या पायथ्याशी टीव्ही. दिवसभर तिच्यापाशी असणाऱ्या मावशी पाचला जात. मुलगी आठच्या सुमारास येई. मधले तास वडिलांचे. म्हणजे सामना नसला तर.

त्याचाच तर मुलीला राग होता. तो तिनं बरेच दिवस गिळला होता, आज गिळवला नाही.

“मंगळवारी आईला एकटीला टाकून जाता तुम्ही. काही झालं म्हणजे?”

वडिलांनी फडकं पिळलं, पसरलं, त्याची टोकं जुळवली.

“मीच पिटाळते त्यांना,” आई आतून म्हणाली. “उशाशी बसून माझ्या तोंडाकडे बघत बसतात. माणसाला उगाच आपण मेल्यासारखं वाटायला लागतं. आणि शेजारीण येऊन डोकावून जाते ना.”

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मुलीला सारखा तो हात दिसत होता, तोंडाशी जाणारा, आणि मग दटावणारं ते बोट. निळ्या संघाचा जन्मभराचा भक्त पिवळा रेनकोट घालून उन्हात बसतो. ओळखीच्या चार माणसांतही बसत नाही. रिकाम्या मैदानाला खुणा करतो. ऑफिसातल्या त्या टवाळ पोरांना जे दिसलं ते आपल्याला घरात राहून दिसू नये? वडिलांचं डोकं हळूहळू फिरत चाललंय, आणि त्यांना त्या रिकाम्या खुर्च्यांत आपणच नेऊन बसवलंय, अशी तिची खात्री झाली. तिला रडू आलं.

पुढच्या बैठकीत बंदर क्लबची पाळी आली आणि मंडळी सैलावणार, तेवढ्यात ती म्हणाली, “हे सामने मी काढून टाकायचं म्हणतेय.”

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “काढून म्हणजे?”

“आपण दाखवलं नाही, तर त्यांचा क्लब सामना रविवारी ठेवू शकतो. कामाच्या दिवशीची अट आपल्यामुळे आहे. त्यांचं मैदान भरेल, आपली वेळ मोकळी होईल.”

“पण मैदानाचा विषय आपला नाही.”

“नाही. आपला विषय बघणाऱ्यांचा.” तिनं आकडे पडद्यावर आणले. ते आकडे काही निवडक घरांतल्या टीव्हीला जोडलेल्या डब्यांवरून येत. तिच्या स्वतःच्या घरी तसला डबा नव्हता. ऑफिसातल्या कोणाच्याच घरी नव्हता. “हे बघा. साडेपाचला हा सामना एक माणूससुद्धा बघत नाही.”

“पिवळ्याचं काय होणार मग?” जाहिरातवाला म्हणाला. पुन्हा हशा. या वेळी ती त्याच्याकडे बघत राहिली, इतका वेळ की त्यानं घसा खाकरून मोबाइल हातात घेतला.

साहेब आकडे न्याहाळत होते. “त्या वेळेला प्रश्नमंजूषा लावता येईल. पण एक लक्षात घ्या, एकदा करार झाला की वर्षभर ती वेळ परत मिळायची नाही. नंतर माझ्याकडे येऊ नका.”

“नाही येणार,” ती म्हणाली.

क्लबनं रविवार ठरल्याचं कळवलं, त्या दिवशी घरी येताना तिच्या पावलांत बळ आलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आपण कोणाचं तरी भलं केलं असं तिला वाटत होतं, आणि तेही आपल्या माणसाचं. वडील आईला भरवत होते. ती दारातच उभी राहिली.

“बाबा, तुमचा पुढचा सामना रविवारी पाच वाजता!”

वडिलांच्या हातातला चमचा थांबला. “रविवारी? खरं सांगतेस?”

“अगदी खरं. न्हावीकाकांना सांगा, वेल्डरकाकांना सांगा. चारी बाजू उघडणार आहेत म्हणे. आणि मीही घरी असेन, म्हणजे आईची काळजी नको.”

त्यांचा चेहरा उजळला. लहान मुलाला सुट्टी जाहीर व्हावी तसा. मग ते म्हणाले, “टीव्हीवर किती वाजता?”

“टीव्हीवर नाहीच. ती कटकटच मिटली.”

वडिलांनी आईकडे बघितलं. आई पांघरुणाची सुरकुती उजव्या हातानं सरळ करत होती. ती एकदा सरळ झाली, तरी पुन्हा करत होती.

“बरं झालं की,” आई म्हणाली. “तुमची मंडळी येतील आता. किती दिवसांनी.”

“हो,” वडील म्हणाले. “बरंच झालं.”

एवढंच? तिला जरा लागलं. पण म्हातारी माणसं आनंद अंगावर दाखवत नाहीत, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि हातपाय धुवायला गेली.

रविवारी चारच्या आधीच न्हावी आणि वेल्डर खालून हाका मारू लागले. वडिलांनी निळा गळपट्टा काढला, झटकला, गळ्यात घातला. दारापर्यंत गेले आणि खिळ्यावरचा रेनकोट काढून हातावर टाकला.

“तो कशाला आता?” आई म्हणाली.

“असू दे,” ते म्हणाले. “सवय झालीय.”

ते गेल्यावर घर शांत झालं. मुलीनं आईचे केस विंचरले, वेणी घातली, उशी उंच केली. पाच वाजले तशी आई म्हणाली, “टीव्ही लावतेस का?”

“आज सामना नाहीये गं त्यावर.”

“माहितीय. लाव तरी.”

प्रश्नमंजूषेचा एक जुना भाग चालू होता. आवाज बंद कर, आई म्हणाली, तो मुलीनं बंद केला. लोक तोंडं हलवत होते, टाळ्या वाजवत होते. आई बघत होती, पण मधूनच तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यांत फिरून येत होती, काही पडलंय का बघावं तशी. मुलगी शेजारी कपड्यांच्या घड्या करत बसली. लांबून, मैदानाच्या दिशेनं, एकदा मोठा गलका ऐकू आला. दोघींनी माना वर केल्या.

“गोल झाला वाटतं,” मुलगी म्हणाली. “ऐक, केवढी माणसं आहेत!” तिचा ऊर भरून आला होता.

“हो ना.”

बऱ्याच वेळानं आईनं विचारलं, “मध्यंतर झालं असेल का गं?”

“झालं असेल. का?”

आईनं उजवी मूठ उघडली. संध्याकाळची गोळी होती. घामानं तिचा गुलाबी रंग तळहाताला लागला होता.

“अगं, घेतली नाहीस अजून? केव्हाची दिलीय मी!”

“घेते. मध्यंतराला घेते मी.” आई ओशाळून हसली. “सांगू का? पण हसू नकोस.”

“सांग.”

“जन्मभर मी त्या चेंडूला सवत म्हटलं. माहेरच्या लग्नाला आले नाहीत सामन्यापायी, मी काय काय नाही बोलले! आणि मी आजारी पडले तेव्हा एकदा मावशींनी जाता जाता टीव्ही लावून ठेवला, तर त्यात हे. म्हणजे असावेत असं वाटलं. सगळेच निळे, कोण कुठला काय कळणार? घरी आल्यावर मी म्हटलं, काहीतरी वेगळं घालत जा की, आणि घोळक्यात नका बसू. मग तो रेनकोट.”

मुलीच्या हातातली घडी तशीच राहिली.

“मग एकदा मी गोळी विसरले. तर इतके रागावले! म्हणाले, मध्यंतराला तो कॅमेरावाला माझ्याकडे बघतोच, तेव्हा तिथून सांगेन. आणि खरंच सांगायला लागले.” आईनं उजव्या हाताची बोटं तोंडाशी नेली, मान मागे टाकली, आणि बोट हलवून दटावलं. हुबेहूब. “अशी खूण. आठवडाभर मी त्या वेळेची वाट बघायचे, बबे. समोर सामना असताना माझ्याकडे बघायचे ते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, कधी बघितलं नव्हतं असं. शेजारीण डोकावायची, तर मी तिलाही हाकलायचे, जा बाई, आमचे दिसतील आता म्हणून.”

“मला का नाही सांगितलंस?” मुलीनं विचारलं.

“काय सांगायचं त्यात? या वयात? आणि तू एवढ्या आनंदानं आलीस रविवारचं सांगायला. त्यांनाही मित्र हवेतच की. किती दिवस माझ्यासाठी एकटे बसणार?” आईनं मूठ पुन्हा मिटली. “बघू, घेते आता.”

पण घेतली नाही. मुलीनं पाण्याचा पेला पुढे केला, तो तसाच धरून ठेवावा लागला. ऑफिसातलं ते सगळं हसणं तिच्या कानात परत आलं, आणि त्याच्या मागोमाग तिचं स्वतःचं वाक्य. एक माणूससुद्धा बघत नाही. चष्म्यावरून बघणाऱ्या साहेबांना तिनं ते आकड्यांसकट पटवून दिलं होतं.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

वडील होते. निळा गळपट्टा गळ्यात, आणि अंगात पिवळा रेनकोट, वरपासून खालपर्यंत बटणं लावलेला. जिना चढून धाप लागली होती.

“संपला एवढ्यात?” मुलीनं विचारलं.

“नाही. चाललाय. एक गोल पुढे आहोत आपण.”

“मग?”

“भरलंय मैदान. पाय ठेवायला जागा नाही. न्हाव्यानं तर आरडून आरडून घसा बसवून घेतला.” ते चपला काढत होते, त्या नीट भिंतीला लावत होते. “मध्यंतराची शिट्टी झाली आणि मी आपला उठून उभा राहिलो. ध्यानातच राहिलं नाही. मागचे ओरडायला लागले, बसा हो आजोबा, काही दिसत नाहीये.” ते हसले. हसू पुरतं उमटलं नाही. “बसलो. पण मग बसवेना.”

ते आतल्या खोलीत आले. पलंगाच्या पायथ्याशी, टीव्हीच्या शेजारी उभे राहिले.

“गोळी घेतलीस?”

आईनं मूठ उघडून दाखवली.

“तुम्ही सांगितलं कुठे?”

वडिलांनी मुलीकडे एकदा बघितलं. लाजले ते, कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी रेनकोट खाली ओढून नीट केला, बोटं तोंडाशी नेली, मान जराशी मागे टाकली, आणि बोट हलवलं. आईनं गोळी तोंडात टाकली. मुलीनं पेला तिच्या ओठांना लावला तेव्हा थोडं पाणी वेणीवर सांडलं.

“आज जवळून दिसले,” आई म्हणाली. “पण टीव्हीवर बरे दिसतात हं. इथं फारच म्हातारे वाटतात.”

“ऐकलंस?” वडील म्हणाले. रेनकोटाची बटणं काढत ते मुलीजवळ आले, आणि आईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलले, तरी त्या लहानशा खोलीत ते ऐकू गेलंच असणार. “बबे, तुमच्या त्या गाढवाची ओळख आहे का गं तुझी? मी उगाच शिव्या देत होतो त्याला. त्याला सांगून बघ, परत साडेपाचला लाव म्हणावं. आकड्या-बिकड्यांचं असेल काही, तर एक माणूस बघतं म्हणावं.”

“सांगते,” मुलगी म्हणाली.

टीव्हीवर कोणीतरी बक्षीस जिंकलं होतं आणि माणसं उभं राहून टाळ्या वाजवत होती. तिनं पुढे होऊन टीव्ही बंद केला. रेनकोट वडिलांच्या हातातून घेतला आणि दारामागच्या खिळ्यावर नेऊन लावला.